न संपणारं रीळ

इस्पितळात तिला सगळे भिंगबाई म्हणत. ऑपरेशनच्या हत्यारांची गाठोडी बांधायची, यंत्रात वाफेने निर्जंतुक करायची आणि वर पाठवायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. गाठोड्यावरची पांढरी पट्टी वाफेने काळी झाली, की ते वापरायला मोकळं. बाई एवढी संशयी, की सख्ख्या नवऱ्याने केलेला चहासुद्धा आधी हुंगून प्यायची.

कारखाने बंद पडले, पगार गेले, तशी खासगी दवाखान्यांत जाणारी माणसंही इथेच लोटली. गाठोडी दुप्पट झाली आणि सामान निम्म्यावर आलं. तिच्या हाताखाली कंत्राटावर आला तोही बंद कारखान्यातलाच, पन्नाशीचा फिटर. खोलीतले कमी होणारे हातमोजे हाच पळवतो, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याचा डबा उघडून बघितला, पिशवी उलटी केली. सापडलं कप्पाळ! उलट पट्टीचं एक रीळ महिन्याऐवजी तीन महिने पुरलं, तेव्हा तिला त्याला शाबासकी द्यावी लागली.

धाकट्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन चार महिने रखडून एकदाचं लागलं. "तुझ्याच खोलीतली हत्यारं ना गं? मग कसली भीती," म्हणत ती निर्धास्त आत गेली.

भिंगबाई खाली आली. यंत्र अजून तापायचं होतं, आणि ओट्यावर वाफेची वाट बघणाऱ्या गाठोड्यांच्या पट्ट्या आधीच काळ्या होत्या. तिने फिटरला फैलावर घेतलं. नवं रीळ येणार नाही असं कळल्यावर तो वापरलेल्या गाठोड्यांच्या पट्ट्या सोलून पुन्हा चिकटवत होता. कारखान्यात मालावर पासची चिठ्ठी लागायची, तशीच ही नुसती खूण, असं त्याला वाटलेलं.

"बाई, काळ्या पट्टीशिवाय गाठोडं वर जाता कामा नये, हे तुम्हीच बजावलं होतं. वाफ सगळ्यांना दिलीय, शपथ."

दिलीही असेल. पण एखादं राहिलं असेल तर ओळखायचं कसं? अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला त्या मेल्या न संपणाऱ्या रिळाचा कधी संशय आला नव्हता. ती धापा टाकत जिना चढली.

बहीण टेबलावर होती, भूल अजून द्यायची होती. भिंगबाईने डॉक्टरांना थांबवलं आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तारीख आणखी दोन महिने पुढे गेली.

"पण हत्यारं तुझ्याच खोलीतली होती ना?" बहीण रडत म्हणाली.

"हो गं," ती म्हणाली. "म्हणूनच थांबवलं."