चंद्रीची आण

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधी नव्हता. शाळेत मुलांनाही मी तसंच शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून आमचे हेडमास्तर मला बोलावून घेतील ते घेतीलच. शिवाय माझी गोष्ट भुताची नाहीच... म्हशीची आहे.

आमचं गाव शहादे तालुक्यात, प्रकाशा गावाच्या खाली दोन कोसांवर, अगदी तापीकाठी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी आणि माझा जिवलग मित्र सुपडू, दोघं नुकतेच फायनलला बसलो होतो. रिझल्टला अवकाश होता आणि नापास झालो तर पुढं कोणी कुठं जाऊ देणार नव्हतं, म्हणून आधीच मौज उरकून घ्यायची असं ठरलं. नंदुरबारहून गाडीनं सुरत, आणि तिथून डुमसला समुद्र बघायला. समुद्र आम्ही फक्त भूगोलात पाहिला होता.

सुपडू तळोद्याचा, डोंगराच्या पायथ्याचा. हौदात पाय सोडायलाही घाबरायचा. बाप लहानपणीच गेलेला, आईचा एकुलता एक. ती माउली निघायच्या आदल्या दिवशी त्याला पोचवायला आमच्या घरी आली. सोबत कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भलामोठा घोर.

"भिका, मन्हा एकच पोऱ्या शे," ती मला म्हणाली. "त्याले पानीमा जाऊ देऊ नको."

"नाही जाऊ देणार, मावशी."

"आन घे."

आता देवाची शपथ घ्यायची म्हणजे पंचाईत. समुद्रावर जाऊन पाण्यात न शिरणारा मी नव्हे! समोर आमची म्हैस चंद्री रवंथ करत उभी होती. कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग मोडून खाली वळलेलं. मला लबाडी सुचली. देवाची आण मोडली तर देव रागावतो, म्हशीची मोडली तर म्हैस काय करणार? मी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "चंद्रीनी आन, मावशी!"

सुपडू तोंड दाबून हसला. मावशी मात्र हसली नाही. तिनं चंद्रीकडे पाहिलं, मान हलवली, जणू साक्षीदार पटला.

पहाटे निघताना चंद्रीला नवं दावं मीच बांधलं. माझ्या गाठीबद्दल इथं सांगायलाच हवं. हवी तेव्हा सुटत नाही, नको तेव्हा सुटते, आणि दिसायला जिलबीसारखी. वडील तिला 'भिकानी गाठ' म्हणायचे आणि पुन्हा कुणी बांधू नये म्हणून गड्यांना दाखवायचे.

सुरतेत आम्ही एक दिवस राहिलो. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण म्हणतात. आम्ही दोन्ही तिकडेच उरकून येणार होतो हे तेव्हा कुठं ठाऊक! मी कॅनव्हासचे पांढरे बूट घेतले, नाडीची जिलबी घातली आणि दुसऱ्या दिवशी टांग्यानं डुमसला साहेबासारखा उतरलो.

दुपार टळत आली होती. बघतो तर समोर मैलभर काळी ओली वाळू, आणि समुद्र पार क्षितिजाला चिकटलेला.

"भिका, समुद्र कोठे गया रे?" सुपडू म्हणाला.

"उन्हायामा आपली तापी आटस, तसा हाऊ आटेल व्हई," मी जाणकारासारखा बोललो. भरती-ओहोटीचा धडा मला तोंडपाठ होता, बरं का! पण पाठ केलेलं प्रत्यक्षात वापरायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. एक कोळीण टोपली घेऊन परत येत होती. ती पुढं जाऊ नका असे हातवारे करून म्हणाली, "आगळ ना जशो, भाई!" मी तिला हात जोडले आणि पुढं चालू लागलो. तापीकाठच्या माणसाला पाणी शिकवते!

आणि मग तो पराक्रम... आमच्याकडे उन्हाळ्यात तापीच्या वाळूत हातभर खड्डा केला की गोड, गार पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणतात. सुपडूला तहान लागली होती. मी म्हटलं, थांब, झिरा करतो. होय, वाचकहो, मी समुद्राच्या पोटात पिण्याच्या पाण्याचा झिरा खणला! दोघं गुडघ्यांवर बसून अर्धा तास कोपरापर्यंत हात घालून वाळू उपसत होतो. पाणी आलं. सुपडूनं ओंजळ तोंडाला लावली आणि माझ्या अंगावर थुंकला.

"हाई पिवाले शे? हाई ते लोणचं टाकाले शे!"

हसता हसता मी मागं वळलो. मागं वाळू नव्हती, पाणी होतं.

तापीचा पूर समोरून येतो. आधी पाणी गढुळतं, फेस येतो, काटक्या येतात. सावध करून येतो तो. हे पाणी चोरासारखं बाजूच्या खोलगट चरातून मागं शिरलं होतं, आणि किनारा पलीकडे राहिला होता. आम्ही पळालो. चरात उतरलो तर कंबरेपर्यंत पाणी, खाली चिखल. चिखलानं माझे बूट धरले. नाडी सुटेना! मी पाय उपसला तेव्हा एक बूट तिथंच राहिला, तोवर पाणी छातीला आलं होतं.

मला पोहता येत होतं. एकटा असतो तर निघालो असतो, हे खरं लिहितो. पण सुपडूनं माझ्या गळ्याला मिठी मारली होती आणि दोघं खाली जात होतो. एकदा वर आलो तेव्हा तो ओरडला, "भिका, मायले काय सांगशी?"

आणि त्याच वेळी माझ्या हाताला काहीतरी खरखरीत, गरम लागलं. पाठ होती. काळीभोर पाठ, पाण्यावर तरंगणारी. पावसाळ्यात तापी ओलांडताना आम्ही म्हशीची शेपटी धरून जातो. विचार करायला वेळच नव्हता, हातानं आपण होऊन शेपटी धरली. सुपडूला मी पाठीवर ढकललं. समोर डावं शिंग दिसलं, मोडून खाली वळलेलं. गळ्यात दावं होतं. दाव्याला जिलबीसारखी गाठ होती.

ती गाठ जगात दुसरं कोणी बांधत नाही.

पायाला घट्ट वाळू लागली तसे आम्ही दोघं पालथे पडलो, खोकलो, ओकलो. मान वर केली तर म्हैस नाही. ओल्या वाळूत आमचीच पावलं उमटलेली, खूर एकही नाही. मघाची कोळीण धावत आली. मी विचारलं, "भेंस? भेंस कुठं गेली?"

"कई भेंस?" ती म्हणाली. तिनं जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की दोन पोरं हात पुढं करून, कुणीतरी ओढत असल्यासारखी सरळ रेघेत येताना तिला दिसली. बाकी नुसतं पाणी.

परतीच्या गाडीत सुपडू म्हणाला, "गुजराथमा म्हशी कमी शेतस का? एखादी व्हई." मी मान डोलावली. एका पायात बूट घातलेल्या माणसानं वाद घालू नये. घरी काहीच सांगायचं नाही असं ठरलं.

अंगणात पाय ठेवला तर माझी माय वैतागलेली आणि सुपडूची आई ओसरीवर बसलेली. ती तळोद्याला गेलीच नव्हती.

"परवा दुपारपासून हाई काय व्हयनं कोन जाने," माय म्हणाली. "पारडू दूध सोडीसन हिनी पाठच चाटी ऱ्हायनं!"

खरंच, चंद्रीचं पारडू आचळाकडे बघतही नव्हतं. चंद्रीच्या पाठीवर पांढुरकी साय धरली होती आणि पारडू ती अधाशासारखं चाटत होतं. दावं जागेवर, गाठ जशीच्या तशी. मी बोट फिरवून जिभेला लावलं. परवा झिऱ्याचं पाणी चाखलेल्या सुपडूनंही लावलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो चंद्रीच्या मानेला मिठी मारून लहान पोरासारखा रडू लागला, आणि मावशीला न सांगता सगळं कळलं.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. वाटलं, आता मार बसणार. तिनं माझ्या केसांतली वाळू झाडली.

"आन तू मोडी," ती म्हणाली. "तिनी पाळी."

वडिलांनी गोठ्यातलं मिठाचं मडकं तपासलं, ते भरलेलं होतं. गुरांच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला घाम असेल. असेल बुवा. मी विज्ञान शिकवतो, घाम खारट असतो हे मलाही ठाऊक आहे. गाठीचं तेवढं कुणी सांगत नाही.

सुपडू आज तळोद्याला दोन लेकरांचा बाप आहे. दर वर्षी पोळ्याला तो गुळाची ढेप घेऊन येतो. पोळा बैलांचा हे त्याला कितीदा सांगितलं, पण तो थेट म्हशींच्या गोठ्यात जातो. चंद्री म्हातारी होऊन गेली, आता तिच्या नातीला तो गूळ मिळतो.

मी आजही शपथा घेतो. देवाच्या घेतो, गळ्याच्या घेतो, त्यातल्या काही मोडतोही. म्हशीची मात्र पुन्हा कधी घेतली नाही.