बारीक आवाज

गिटारची जुनी पिशवी परवा उन्हात टाकली, तर तिला अजून लूमच्या तेलाचा वास येत होता आणि भिवंडीतला मित्राचा यंत्रमागाचा कारखाना आठवला. तो वडिलांचे लूम चालवायचा, मी काल्हेरच्या गोडाऊनमध्ये नोकरीला होतो, आणि शुक्रवारी लूम बंद असले की आम्ही दोघं आपापल्या इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिथं बसायचो. एका शुक्रवारी मी नवी गिटार नेली होती. सुताची पिंज बसलेल्या बाकावर अ‍ॅम्प ठेवून आम्ही दोन्ही गिटार आळीपाळीनं लावल्या. त्याची नेहमीसारखीच कर्कश वाजली. “एवढा ट्रेबल कशाला? कान फाटतात,” म्हणत मी त्याच्या गिटारचं बारीक, तीक्ष्ण आवाज वाढवणारं बटण खाली केलं. त्यानं दोन-तीनदा तारा छेडल्या आणि शांतपणे म्हणाला, “अब मेरेको कुछ समझताच नहीं. बारीक आवाज मला येतच नाय रे. लूमच्या खडखडाटात कान गेले.” इतकी वर्षं मी त्याच्या त्या कर्कश वाजण्याची टिंगल करत होतो. मी बटण परत वर केलं. त्यानं मात्र माझी गिटार उचलली, वायर काढली, गिटारचं लाकूड बरगड्यांना टेकवून एकच जाड तार छेडली आणि डोळे मिटून थांबला. मग स्वतःची तशीच छेडून पाहिली. “तुझी भारी आहे,” तो म्हणाला, “आत जास्त वेळ थरथरते.” आता मीही दुकानात गिटार आधी तशीच छातीशी धरतो, आणि दुकानदार अ‍ॅम्प चालू करून ताटकळला तरी थरथर पूर्ण विरेपर्यंत हलत नाही.