मांजरपाटावरची भट्टी

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा शाळेच्या पडवीत पडदा रंगवत बसले होते. साकोलीच्या पुढं, झाडीपट्टीतलं आमचं गाव. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, आणि आसपासच्या गावांचे पडदे बाबाच रंगवायचे. राजवाडा, जंगल, गावचा रस्ता. जमिनीवर मांजरपाट ताणायचा, सरस उकळायचा, त्यात रंगाची भुकटी कालवायची. मी थोरला, म्हणून दुसरा ब्रश माझ्याकडे असायचा. त्या वर्षी तीन गावांचे पडदे बाकी होते आणि मी भिलाईला निघालो होतो. तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये रंगाऱ्याची जागा निघाली आहे, असं मामांनी कळवलं होतं.

माय बसपर्यंत पोचवायला आली. बाबा उठले नाहीत. मान खाली घालूनच म्हणाले, "जाय. पण कुठंबी रंगव, उजेड कुठून येऊन राहिला ते पह्यले पाय." धाकट्या मधुकरनं माझा ब्रश उचलला आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. गोंदियाला गाडीत बसलो तरी मला तेवढंच दिसत होतं.

प्लांटमध्ये मी काय रंगवलं? खांबांवर नंबर. क्रेनच्या हुकावर काळेपिवळे पट्टे. धोक्याच्या पाट्या, बाण, पाइपांचे रंग. सुट्टीत गावी गेलो की बाबा विचारायचे, "काय रंगवून राहिला सध्या?" मी म्हणायचो, "मोठं काम हाये बाबा." मग विषय बदलायचो. त्यांना नंबर कसे सांगू?

मधुकरनं दहावीनंतर शाळा सोडली आणि बाबांच्या हाताखाली पूर्ण वेळ लागला. बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "तू नोकरी केली दादा. मी बाबा सांभाळला." खोटं काही नव्हतं त्यात. पण त्यानंतर आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं.

भिलाईनं मात्र मला हळूहळू आपलं केलं. आमच्या क्वार्टरच्या ब्लॉकमध्ये क्रेन चालवणारा तेलुगू राव, बंगाली, मल्याळी, छत्तीसगडी, सगळे. माझी मराठी अर्धी हिंदी झाली. मुलं तर भांडायचीसुद्धा हिंदीत. शिफ्टमध्ये भट्टीजवळ काम असलं की ब्रश हातात धरून मी बघत राहायचो. भट्टीचं तोंड फोडलं की वितळलेलं लोखंड नालीतून वाहतं. बाबांच्या प्रत्येक पडद्यात उजेड वरून यायचा, सूर्याचा. इथं तो जमिनीतून येत होता. माणसांच्या हनुवट्या उजळलेल्या, डोळे अंधारात. तीसेक वर्षं मी ते पाहिलं आणि एकदाही काढलं नाही.

रिटायर होऊन भिलाईतच रिसालीला घर बांधलं, तेव्हा शालूला, माझ्या बायकोला, म्हटलं की मला पडदा रंगवायचा आहे. तिनं काही विचारलं नाही. मांजरपाटाचे पट्टे शिलाई मशीनवर जोडून दिले. गच्चीवर दोन हिवाळे काम चाललं. पिवळ्यानं लोखंड काही पेटेना. भोवती काळानिळा रंग भरला तेव्हा ते पेटलं. वर थोडं आभाळ ठेवलं, क्रेनवर रावला बसवलं, भट्टीपुढं माझ्या ओळखीची सहा माणसं उभी केली. पूर्ण झाल्यावर पडदा गुंडाळून बाजेखाली ठेवला.

आमच्या गल्लीतल्या साहू मॅडम चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांनी आपल्या घराचा खालचा मजला चित्रांसाठी मोकळा केला आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांनी संध्याकाळची चित्रफेरी काढायचं ठरवलं. रिसालीतल्या तीन जागा, सगळ्यांनी मिळून पायी बघायच्या. शालूनं त्यांना पडद्याचं सांगितलं आणि मला न विचारता मधुकरलाही फोन केला.

फेरीच्या दुपारी मॅडमकडे पडदा घेऊन गेलो, तर भिंत ठेंगणी. अर्धा पडदा फरशीवर लोळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "रहने दीजिए मॅडम, अगले साल देखेंगे." तेवढ्यात शालू दारात आली आणि तिच्या मागं मधुकर. सकाळच्या गाडीनं निघून तो थेट तिथं आला होता. त्यानं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "भिंतीले कावून टांगून राहिला? पडदा उभा करावा लागते."

टेंट हाऊसमधून बांबू मागवले. समोरच्या मोकळ्या जागेत त्यानं खड्डे घेतले, दोर ओवला, गाठी मारल्या. मी नुसता टोक धरून उभा. चाळीस वर्षांपूर्वी तो माझ्या हाताखाली शिकत होता, आज मी त्याच्या. पडदा वर चढला, ताणला गेला आणि मधुकर मागं सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडं गेला.

"आभाळ बाबाचंच हाये," तो म्हणाला. "पण ही भट्टी बाबाले नसती जमली. त्याईनं हा उजेड पायलाच नाही."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुटलेली एक गाठ पुन्हा बांधायला गेला.

अंधारू लागताना फेरी निघाली. वैशाली नगर, भिलाई-3 कडूनसुद्धा लोक आले, मैदानात स्कूटी लावल्या आणि चालू लागले. पहिल्या जागी बस्तरकडच्या एका जोडप्याच्या पितळी मूर्ती, दुसऱ्या जागी वाचनालयात पोरींची जलरंगातली चित्रं. शेवटी आमची गल्ली. वळणावर आले आणि सगळे पडद्यापुढं गोळा झाले. त्यांतले निम्मे प्लांटचेच. कोणी भट्टी ओळखली, कोणी माणसं. राव काठी टेकत पुढं आला, क्रेनकडं बोट करून बायकोला म्हणाला, "देखो, मैं." साहू मॅडमनी मला माइक दिला. मी एवढंच सांगितलं, की कापड बायकोनं शिवलं, उभं भावानं केलं आणि शिकवलं बाबांनी.

दुसऱ्या दिवशी निघताना मधुकरनं पडदा मागितला. "मंडईले लावतो. आमच्या तिकडं कोणी प्लांट पायला नाही."

म्हणून यंदा मंडईला भर दुपारी आमच्या गावात भट्टी पेटली. दंडारीचा खेळ सुरू होण्याआधी निवेदकानं विचारलं, "पेंटर कुठले सांगू? गावचे का भिलाईचे?" पूर्वी मी गावाचं नाव घेतलं असतं, परकं ठरण्याच्या भीतीनं. या वेळी म्हटलं, "भिलाईचे सांगा." मी गावचा आहे हे तर इथं सगळ्यांनाच माहीत होतं. आणि इथं मधुकर आहे, तिथं राव आहे. दोन्हीकडं कोणीतरी माझी वाट बघतं. मी दोन्हीला घर म्हणतो आणि कोणाला त्याचा खुलासा देत बसत नाही.

माय पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. आता तिला कमी दिसतं. प्लांटच्या आत ती कधी आलेली नव्हती. मी वाकलो तेव्हा तिनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "रोज इथं जात होता तू?"

"हो, माय."

तिनं शेजारच्या म्हातारीचा हात धरून तिला जवळ ओढलं. "पाय वो," ती म्हणाली, "माहा पोरगा इथं होता."