सहाणेवरचं जोडवं

मंडळी, आज माझीच चूक सांगते.

मी भोरच्या एका कॉलेजात शिकवते. निरगुडीच्या पाल्याचा अर्क वापरून चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढ त्यानं मंदावते का ते बघायचं, हे माझं काम. पाला देतात वेल्ह्याच्या वरच्या वाडीत शेळ्या राखणाऱ्या हिराबाई. मागच्या खेपेला मी त्यांना हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

आज गेले, तर त्या सहाणेवर पायातलं जोडवं उगाळत होत्या. त्यांच्या मालकांना घशाचा कॅन्सर आहे, हे मला आजच कळलं.

"मधातनं चाटवते रोज. बाळाला सोनं देत्यात तसं," त्या म्हणाल्या. "चांदीनं गाठ वाढत न्हाई, तुमीच म्हनला व्हता. म्हून पुण्याच्या दवाखान्याची तारीख सोडली."

मी खाली बसले. "मावशी, ते अजून बशीतच आहे. माणसाला दिलेलं नाही. आणि उगाळलेली चांदी म्हणजे ते औषध नव्हे."

उद्याच्या पहिल्या एसटीनं दोघं पुण्याला जातायत, मीही सोबत आहे.

हिराबाई रागावल्या नाहीत. जोडवं धुऊन परत बोटात घालताना एवढंच म्हणाल्या, "मग तवाच का न्हाई सांगितलं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?