लाल दिव्याची चौकशी

यंत्र बोंबलायला लागलं की सगळे यंत्राकडे धावतात. आबा यंत्राकडे पाठ करून उभे राहायचे. गच्चीवर चिलरचा भोंगा वाजतोय, पॅनेलवर लाल दिवा लुकलुकतोय, खालून फोनवर फोन येताहेत, आणि हा साठी उलटलेला गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून पंपवाल्याला विचारतोय, "आलारम वाजला तवा तुमी काय करत हुता?" पंपवाल्याला वाटायचं, आपल्यावर बालंट आलं. तो चाचरायला लागायचा. "तसं न्हवं गड्या," आबा समजूत घालायचे, "तुमी च्या पीत हुता का पंपापाशी हुता, येवढंच सांगा. दोन्ही चालतंय."

मिरज-कुपवाड पट्ट्यात त्यांना चौकशीआबा म्हणत. मूळचे आटपाडीकडचे, घरी मेंढरं. सैन्यात शीतयंत्रं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर कुपवाडला एका गाळ्यात त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. दूध डेअऱ्या, बेदाण्याची शीतगृहं, दवाखाने, सगळीकडे त्यांची मोटारसायकल जायची, पार साताऱ्यापर्यंत. मी डिप्लोमा करून मिरजेच्या एका रुग्णालयात देखभाल विभागात लागले, तेव्हा आमच्या गच्चीवरच्या चिलरची दुरुस्ती त्यांच्याकडेच होती. चिलर म्हणजे पाणी गार करणारं खोलीएवढं यंत्र. ते पाणी नळांतून खाली जातं आणि शस्त्रक्रियागृहं थंड ठेवतं. त्या विभागात मी पहिलीच बाई. "वर्षभर काम बघू, मग कायम करू," असं व्यवस्थापक बाईंनी नेमणुकीच्या दिवशीच सांगितलं होतं, आणि वर्षभर ही टिकत नाही यावर विभागातल्या बहुतेकांचं एकमत होतं.

पहिल्याच भेटीत आबांनी मला पॅनेलवरची दोन बटणं दाखवली. "ह्यो दाबला की वरडायचं थांबतंय. त्यो दाबला की दुखणं घेऊन कामाला लागतंय. पहिला कवाबी दाबा. दुसरा इचारल्याबगर न्हाई." दुसरं म्हणजे रीसेट. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

दुसऱ्या महिन्यात आमच्या चिलरला एक विचित्र खोड लागली. रोज अकराच्या सुमाराला 'दाब जास्त' असा अलार्म यायचा, आणि मी जिने चढून वर पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी. रीसेट केलं की यंत्र दिवसभर गुण्यागोविंदानं चालायचं. मी पंखे तपासले, वायू तपासला, सेन्सर बदलून घेतला. शेवटी आबांना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पिशवीसुद्धा उघडली नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बैठक मारली आणि मला म्हणाले, "बसा ताई. अकरा वाजंस्तवर बसू."

पावणेअकराला एक आजी धुतलेलं नऊवारी लुगडं घेऊन वर आल्या. नातवाचं ऑपरेशन झालं होतं, आठवडाभर त्या खालच्या व्हरांड्यातच मुक्कामाला होत्या. त्यांनी लुगडं चिलरच्या बाजूच्या जाळीला नुसतं टेकवलं, आणि ते कागद डकवावा तसं जाळीला चिकटून बसलं. चिलर बाजूनं हवा आत ओढतो आणि वरून गरम हवा सोडतो. नाकातोंडावर ओलं लुगडं आल्यावर त्याचा दाब वाढणार नाही तर काय होईल? पंधरा मिनिटांत भोंगा वाजला. आजींनी वाळलेलं लुगडं काढलं, घडी घातली आणि निघाल्या. मी ताडकन उठले, पण आबांनी हातानंच मला बसवलं आणि ते आजींच्या मागे गेले. "आवं आजी, हितं लवकर वाळतंय हे तुमाला कसं कळलं वो?" आजी खूश झाल्या. "पदर ओढला की रं त्यानं माझा, आल्या दिवशीच. म्हटलं, येवढं ओढतंय तर वाळवंल बी." आबा मनापासून हसले. मग त्यांनी गरम हवा पोचेल अशा बेतानं, जाळीपासून चांगली लांब, एक दोरी बांधून दिली. दुरुस्तीच्या अहवालात त्यांनी लिहिलं: 'कारण: लुगडं. उपाय: दोरी.' तो अहवाल विभागात महिनाभर हातोहात फिरला.

त्यांची ही चौकशी यंत्रापुरती नव्हती, हाच खरा ताप होता. एकदा सुटा भाग आणायला मी त्यांच्या मागे बसून बाजारात निघाले, तर गडी वाटेत तंबोरे बनवणाऱ्याच्या दुकानापाशी थांबला. भोपळा किती दिवस वाळवता, पोकळ कसा करता, एक ना दोन. मी घड्याळ बघत उभी. शेवटी आबांनी विचारलं, "तारंचा आवाज बिघडला की आधी कुणाला कळतंय, तुमाला का गिऱ्हाइकाला?" कारागीर म्हणाला, "खरं सांगू? गिऱ्हाइकाला. आमच्या कानाला दिवसभर तेच, सवय होते." आम्ही पुढे निघालो. कुपवाडच्या फाट्यापाशी आबा मान थोडी वळवून म्हणाले, "आपलंबी तसंच हाय ताई. आपल्याला आलारमची सवय हुती." मला तेव्हा ते विनाकारण लावलेलं पाल्हाळ वाटलं होतं.

माझं वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे उरले होते. एप्रिलातली दुपार, खाली एक मोठी शस्त्रक्रिया सुरू, आणि चिलर बंद पडला. पडद्यावर 'पाण्याचा प्रवाह कमी'. हा अलार्म मला चांगला ओळखीचा होता. त्याआधी दोन वेळा तो प्रवाह मोजणाऱ्या स्विचच्या बिघाडानं आला होता. मी रीसेट केलं. पाच मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा रीसेट. चार वेळा झालं. खालून शल्यचिकित्सकांचा निरोप आला की खोली तापायला लागली आहे, देखभालीला कोणी आहे की नाही? त्या 'कोणी'नं माझं डोकं फिरलं. मी पॅनेल उघडलं, वायरचा एक तुकडा घेतला आणि त्या स्विचची दोन टोकं जोडून टाकली. म्हणजे पाणी वाहो न वाहो, यंत्राला ते वाहतंच आहे असं वाटणार. चिलर सुरू झाला. भोंगा गप्प. मग मी आबांना फोन करून सांगितलं, "स्विच खराब झालाय, नवा घेऊन या." वायरचं बोलले नाही.

आबा आले ते नवा स्विच खिशात घालून, आणि आल्या आल्या पंपवाल्याकडे वळले. "सकाळधरनं हितं काय येगळं झालं?" तो म्हणाला, "काय न्हाई. वरली बारकी टाकी तेवढी घासली." ही छोटी टाकी चिलरच्या पाण्याची घट भरून काढते. "कशानं घासली?" "नारळाच्या शेंड्यांनी. लय शेवाळ धरलं हुतं."

आबांनी पडद्यावर जुन्या अलार्मची यादी काढली. तिच्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार बारी वरडलं. मग गप बसलं. ताई, गप कशानं बसलं?"

पॅनेलचं दार मीच उघडलं, आणि ती वायर बघून आबांनी त्याच क्षणी चिलर बंद केला, पंप तेवढा चालू ठेवला. पाण्याचं तापमान तीन अंशांवर आलं होतं आणि उतरत होतं. आणखी थोड्या वेळात आत बर्फ धरला असता, नळ्या फुटल्या असत्या आणि यंत्र कायमचं गेलं असतं. पुढचे कित्येक महिने त्या शस्त्रक्रियागृहांना कुलूप. आबा मात्र रागावले नाहीत. "खाली जावा, डॉक्टरास्नी सांगा, तासभर लागंल. फोनवर नगं, सोता जावा." मी जाऊन सांगितलं. चालू शस्त्रक्रिया शेवटाला आली होती, ती पार पडली. पुढची त्यांनी थांबवली.

आतल्या पाण्याचं तापमान पुरतं वर आल्यावर आबांनी चिलरला जाणाऱ्या नळावरची गाळणी उघडली. टाकीतून वाहून आलेला नारळाच्या काथ्याचा मूठभर गोळा आणि त्यात अडकलेलं शेवाळ. स्विच ठणठणीत होता, तो बिचारा चारही वेळा खरंच सांगत होता. गाळणी धुऊन बसवली, वायर काढली, मग रीसेट. चिलर सुरू झाला.

अहवाल लिहायला बसले तेव्हा आबांनी 'गाळणी तुंबली, साफ केली' एवढं लिहिलं आणि खाली तीन ओळींची जागा सोडली. "गाळणी मी काढली, ते मी लिवलं," म्हणाले. "वायर तुमी जोडली. ती तुमी लिवा, न्हाईतर कोरं ऱ्हाऊ द्या. कोऱ्याचं मी कुणाला सांगत न्हाई. पर खोटं बी लिवत न्हाई." आणि चहा प्यायला निघून गेले.

मी त्या कागदासमोर किती वेळ बसले असेन! कोरं ठेवलं असतं तर तीन आठवड्यांनी मी कायम झाले असते. मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. पण यंत्राचं तोंड मी वायरनं बांधलं होतं, आणि आता कागदाचंही बांधायचं, हे मला जमेना. मी लिहिलं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक बाईंनी आम्हां दोघांना बोलावलं. अहवाल वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आबांना विचारलं, "तुम्ही सांगा. हिच्या जागी दुसरा माणूस घेऊ का?"

आबांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. "घ्या की. पर दुसरा आला तर त्याला वायर जोडायची अजून राहिलीया. हिची जोडून झाली."

बाईंनी अहवाल मिटून फाइलीत ठेवला. माझी कसोटीची मुदत सहा महिन्यांनी वाढली, आणि मग मी कायम झाले. आज त्या विभागाची प्रमुख मी आहे. अलार्म आला की मीही आधी माणसांना विचारते, आणि नवी पोरं माझ्या पाठीमागे हसतात हेही मला माहीत आहे.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. गाळा बंद करून ते गावी परतले होते, तिथेच. दिवस झाल्यावर मी आटपाडीकडे त्यांच्या घरी गेले. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, अंगणात बसल्या होत्या. लुगड्याची गोष्ट सांगितली, तशा त्या डोळे पुसत हसल्या. मग माझ्या मनात बरीच वर्षं घोळत असलेलं मी बोलून टाकलं. आबांनी त्या दिवशी व्यवस्थापक बाईंसमोर वायरबद्दल जे म्हटलं, ते स्वतःच्या अनुभवाशिवाय कोणी म्हणणार नाही. त्यांनी कधी, कुठं अशी वायर जोडली होती? तुम्हाला काही बोलले होते का?

काकूंनी मान हलवली. "मला न्हाई ठावं. तुमी इचारायचं हुतं की त्यास्नी. सांगितलं असतं. जलमभर त्येच दुनियेला इचारत ऱ्हायले. त्यास्नी कुणी कवा काय इचारलंच न्हाई."