ओल्या फडक्यातला कोबॉल

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात पूर्व विदर्भ सूत वाटप संघाच्या इतवारीतल्या कचेरीत संगणक आला. तो कशासाठी आला हे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईच्या शिखर संस्थेने पाठवला म्हणून आला. अध्यक्षांनी फीत कापली, नारळ फोडला, बंद पडद्याकडे बघून "यापुढे विणकराला रांगेत उभं राहावं लागणार नाही" असं भाषण केलं आणि पेढे वाटून खोलीला कुलूप लावलं. विणकर त्या दिवशीही खाली रांगेत उभे होते. त्यांना पेढे पोचले नाहीत.

संगणकासाठी वातानुकूलन यंत्र मंजूर झालं होतं. ते आलंही. पण संगणकाची खोली तेव्हा रंगवून व्हायची होती, म्हणून ते तात्पुरतं अध्यक्षांच्या दालनात बसवलं. तात्पुरती म्हणून झालेली कामंच आमच्याकडे कायमची असतात. संगणकाच्या वाट्याला खिडकीतला कूलर आला, वाळ्याच्या ताट्यांचा. शिपाई देवाजी दुपारी विहिरीच्या पाण्याच्या बादल्या त्यात ओतायचा आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरायचा. चपला बाहेर काढून आत गेलेला माणूस डोळे मिटून उभा राहायचा. संगणकाला त्या वासाचं काय वाटत होतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

या खोलीची किल्ली मारोतराव निखाऱ्यांकडे होती.

मारोतराव सूत विभागात कारकून. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगाने किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. उमरेडच्या कोष्टी घरातले. वडील लहानूजी खड्ड्याच्या मागावर लुगडी विणायचे. मारोतराव मॅट्रिक झाले म्हणून मागावरून सुटले आणि संघाच्या कामठीच्या गोदामात सुताचे गठ्ठे मोजायला लागले. सुटका कशाला म्हणतात, ते त्यांना तिथे समजलं. गोदामाला खिडकी नव्हती. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे, ते छातीत जाऊन बसले. दम्याची पहिली उबळ आली तेव्हा गोदामपालाने त्यांना रजेचा अर्ज आणून दिला. कितीतरी वर्षं विनंत्या करून त्यांनी इतवारीत बदली मिळवली. इथेही सूत होतं, पण फक्त कागदावर. कागदावरचं सूत श्वासात जात नाही.

सीताबर्डीवर एका क्लासमध्ये ते संध्याकाळी कोबॉल ही संगणकाची भाषा शिकले होते. क्लासच्या पाटीवर उद्याच्या भारताचं चित्र होतं. आत संगणक नव्हता. सर फळ्यावर खडूने पडदा काढायचे आणि त्याच्या आत कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहायचे. मारोतरावांचा एकही कार्यक्रम तिथे चुकला नाही. खडूचा संगणक कधी कोणाची चूक काढत नाही.

तर संघात संगणक शिकलेला माणूस म्हणजे मारोतराव, हे ठरलं. व्यवस्थापक मनोहरराव बोकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"मुंबईचे कार्यकारी संचालक मे अखेर येऊन राहिले. त्यांना सूत वाटपाचा कार्यक्रम चालताना दिसला पाहिजे. चालला तर संगणक आपला, तुम्ही प्रोग्रामर. नाही चालला तर संगणक अमरावतीले जाईल."

"अन् मी, साहेब?"

"तुमची कारकुनाची जागा इथं भरून टाकली ना आपण. तुम्ही कामठीले."

"साहेब, मले तिथं श्वास घेता येत नाही."

"म्हणून तं सांगून राहिलो. चालवा."

व्यवस्थापनशास्त्रात याला प्रोत्साहन म्हणतात.

पुरवठादार कंपनीचा इंजिनिअर वैशंपायन पुण्याहून आला. तरुण, गोरा, नागपूरच्या उन्हात पहिल्याच दिवशी लाल झालेला. या यंत्राच्या पोटात कायमस्वरूपी काही राहत नव्हतं. रोज सकाळी ते कोरं उठायचं. एका फ्लॉपीवरून त्याला जागं करायचं, दुसरीवरून कोबॉलचा कंपायलर खाऊ घालायचा, तिसरीवर आपला कार्यक्रम. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा दुभाषा. वैशंपायनने सगळं जुळवून दाखवलं, चहा घेतला आणि सांगितलं, "फ्लॉप्या थंड जागी, जपून ठेवा." संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुभाषा बोलेना. दोन दिवसांनी मारोतरावांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. वैशंपायन यंत्र जागं करायची स्वतःची फ्लॉपी सोबत घेऊन गेला होता. कंपायलरला एका वेळी किती फाइली उघडता येतील, हे सांगणारी ओळ तिच्यावर होती. संघाच्या फ्लॉपीवर नव्हती. "एवढंच ना," असं म्हणून त्याने ओळ फोनवर सांगितली, मारोतरावांनी ती हातावर पेनने लिहून घेतली आणि यंत्रात घातली. कंपायलर चालू झाला. सूत विभाग दारात गोळा झाला. देवाजीने हात जोडले. मारोतरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की एखादी गोष्ट आपल्याला समजते. माणसाच्या नाशाला एवढंही पुरतं.

कारण त्यानंतर आठवडाभरात फ्लॉपी वाचताना खर्रर्र असा आवाज यायला लागला.

तो आवाज त्यांनी लहानपणी ऐकला होता. उमरेडच्या घरात मे महिन्यात मागावरच्या उभ्या सुतांचा ताणा वाळायचा, फणीतून जाताना करकर करायचा आणि पटापट तुटायचा. तेव्हा लहानूजी मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचे, ताण्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचे. सूत ओलाव्यात मऊ राहतं. हे त्या घरात रांगतं पोरही जाणत होतं.

मारोतरावांनी फ्लॉपी उजेडात धरली. काळ्या पाकिटाच्या फटीतून तपकिरी चकती दिसत होती, कोरडी, पातळ. बाहेर पारा चढलेला, दाराच्या लाकडाला तडे गेलेले. वैशंपायन तर थंड जागी ठेवा असं बजावून गेला होता. मारोतरावांना शंका उरली नाही. त्यांनी मलमलीचा तुकडा विहिरीच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळला, फ्लॉप्या त्यात लपेटल्या आणि तो गठ्ठा कूलरच्या तोंडाशी स्टुलावर ठेवला. फ्लॉप्यांच्या जास्तीच्या प्रतीही त्याच फडक्यात ठेवल्या. एक बिघडली तर दुसरी हाताशी असावी.

दोन-तीन दिवस आवाज खरंच कमी आला. मग यंत्राने पडद्यावर विचारलं: रद्द करू, पुन्हा प्रयत्न करू, की दुर्लक्ष करू?

"दुर्लक्ष दाबा ना जी," देवाजी म्हणाला. "इथं सारे तेच दाबून राहिले."

मारोतराव पुन्हा प्रयत्न दाबत राहिले. फ्लॉपी काढली, घातली. खाचा पुसल्या. ओळी तपासल्या. प्रत घातली, तर प्रतीनेही तेच विचारलं. पुण्याला ट्रंक कॉल गेला.

"नीट ठेवल्या होत्या ना?" वैशंपायनने विचारलं.

"लेकरासारख्या, साहेब."

"थंड जागी?"

"एकदम थंड."

"मग माल खराब असेल. दुसरा संच पाठवतो."

दुसरा संच आला. मारोतरावांनी यंत्र नव्याने जुळवलं, ती एक ओळ घातली, अर्धा कार्यक्रम लिहिला. मागच्या वेळी फडकं बहुतेक वाळलं असेल, या वेळी देवाजीला सांगून दुपारी दोनदा भिजवलं. संच आधीच्यापेक्षा लवकर गेला. काळजी वाढली तसं आयुष्य कमी होत गेलं. हे पुष्कळ घरांत पाहायला मिळतं, पण तिथे यंत्र काही विचारत नाही.

घरी गोळीबार चौकात गोपिकाबाई रात्रीचं ताट वाढून बसायच्या.

"काहून जेवत नाही जी?"

"कोबॉल मरून राहिला."

"कोन होय तो? तुमच्या हापिसातला?"

"हाव."

"बिमार हाय का?"

"कोरडा पडला. किती ओला ठेवतो त्याले, पण टिकत नाही."

गोपिकाबाई कोष्ट्याचीच लेक. त्या म्हणाल्या, "मग पाणी कमी पडून राहिलं असन." या घरात दुसरं निदान निघणं शक्य नव्हतं. मारोतरावांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्याची घडी दुहेरी केली.

कार्यकारी संचालक ज्या दिवशी येणार होते त्याच सकाळी वैशंपायन तिसरा संच घेऊन गाडीतून थेट कचेरीत आला. कंपनीकडे नागपूरसाठी आणखी संच नव्हता. नागपुरात कोबॉल का टिकत नाही यावर पुण्यात बैठक झाली होती आणि तिच्यात हवामानाला दोष दिला गेला होता. बैठकांमधून क्वचित सत्यही बाहेर पडतं.

मारोतरावांनी रात्र रात्र जागून कार्यक्रम कागदावर पुन्हा लिहून ठेवला होता. वैशंपायनने यंत्र जागं केलं, मारोतरावांनी कागद बघून ओळी घातल्या. कंपायलर एकाही अक्षरावर न अडता चालला. पडद्यावर सहकारी सोसायट्यांची नावं आली, समोर सुताचे गठ्ठे. उमरेड, कामठी, सगळ्या. मारोतरावांनी समाधानाने फ्लॉपी बाहेर काढली आणि स्टुलावरच्या फडक्याकडे हात नेला.

"हे काय?" वैशंपायनने विचारलं.

"फ्लॉपीचं फडकं."

"ओलं का आहे?"

"कोरडं ठेवून कसं चालन, साहेब? वाळली तं तुटन ना."

वैशंपायनने ती घडी उलगडली. आत जुने दोन्ही संच होते. त्याने एक फ्लॉपी उजेडाकडे धरली. फटीतल्या तपकिरी चकतीवर विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग होते. कडेला हिरवट बुरशी धरली होती. त्याने ती उलटी करून पाहिली. मग हसला. हसणं थांबेना तेव्हा खुर्चीवर बसला.

"निखारे, याला ओलावा म्हणजे विष. हे सूत नाही हो."

"मग आवाज कायचा होता?"

"फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यावर धूळ बसली असेल. पुसायचं होतं फक्त."

मारोतराव स्टुलाकडे बघत राहिले. कोणी तरी घरातलं माणूस दगावावं आणि डॉक्टरने सांगावं की औषध तुम्हीच चुकीचं पाजलंत, तसा चेहरा. देवाजी दारात बादली घेऊन उभा होता. त्याने ती हळूच परत नेली.

"आता ऐका," वैशंपायन म्हणाला. "हा शेवटचा संच. कूलर बंद. फडकं बाहेर. साहेब येईपर्यंत तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

वैशंपायनने कूलर बंद केला, फ्लॉपी परत यंत्रात घातली आणि कार्यक्रम पुन्हा पुन्हा चालवून बघायला लागला. खोली तव्यासारखी तापली. मारोतराव दोन्ही हात काखेत धरून भिंतीशी उभे राहिले. यंत्राच्या आतून पुन्हा बारीक खर्रर्र येत होतं. प्रत्येक वेळी त्यांची बोटं हलायची आणि ते काख घट्ट दाबायचे. आपल्या छातीची घरघर कोणती आणि यंत्राची कोणती, हे त्यांना वेगळं करता येत नव्हतं.

भर दुपारी संचालक आले. मनोहरराव, अध्यक्ष, हार, सगळं मागे. वैशंपायनने मारोतरावांना खूण केली. त्यांनी एकाच बोटाने एकच कळ दाबली. यादी पडद्यावर आली, खाली सरकली, संपली. चूक नव्हती.

संचालकांनी यादी वाचली नाही. ते रुमालाने मान पुसत होते. "इथे एसी नाही?"

"प्रस्ताव आहे, साहेब," मनोहरराव म्हणाले.

"छान. चालू दे," असं म्हणून ते अध्यक्षांच्या दालनात गेले आणि जाईपर्यंत तिथेच बसले. संगणकाच्या नावाने आलेल्या गारव्यात त्यांनी संघाच्या आधुनिकीकरणाचं कौतुक केलं.

संगणक राहिला. मारोतराव प्रोग्रामर झाले. पण दोन संच कसे गेले, याचा खुलासा मुंबईला करावा लागणार होता. मारोतराव आपण होऊन मनोहररावांकडे गेले.

"साहेब, ते मीच ओल्या फडक्यात ठेवत होतो."

मनोहररावांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ते कचेरीत काही अश्लील बोलले. "हे कोणाले सांगू नका गा. ज्याच्या हातून यंत्र बिघडलं त्यालेच आपण प्रोग्रामर केलं, असं लिहू का मी? कूलरमुळं झालं."

कूलरला दोषी धरण्यात आलं. दोषी कर्मचाऱ्याचं संघात जे होतं तेच त्याचंही झालं. त्याला कामठीच्या गोदामात पाठवलं. तिथल्या हमालांनी त्याचं काय स्वागत केलं, ते माहीत नाही.

मारोतरावांचा श्वास मोकळा झाला. त्याची किंमत म्हणून ते त्या बंद, तापलेल्या खोलीत यंत्रासमोर घाम गाळत बसायचे. बिघाड झाला की पुण्याहून माणूस येईपर्यंत नुसते बघायचे. यंत्र कशाने मरतं हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या हाताला जे जे येत होतं, त्याने. बापाने त्या बोटांना शिकवलेलं सगळं त्या खोलीत गुन्हा ठरलं होतं, आणि नवीन त्यांना कोणी शिकवलं नाही. पगार मात्र वाढला.

"आता तुम्ही मोठे साहेब झाले म्हणते," गोपिकाबाईंनी एकदा विचारलं. "दिवसभर तिथं करता काय जी?"

मारोतरावांनी घास गिळला.

"हात लावत नाही," ते म्हणाले.