भूमितीत नापास बाईचं पोलकं

सातवीत गणिताच्या बाईंनी माझी भूमितीची वही अख्ख्या वर्गाला दाखवली आणि म्हणाल्या, "हिला सरळ रेघ येत नाही, हिचं पुढं काय होणार?" मी चौकोन काढला की त्याचं भजं व्हायचं, हे खरंच होतं. तरी वही फिरवायची गरज नव्हती. नापास झाले, शाळा सुटली, घरी कुणाला फार वाईटही वाटलं नाही. लग्न होऊन पडेगावला आले, तरी कुणी पट्टी हातात घेतली की मी तिथून उठून जायचे.

शेजारच्या आपा ब्लाउज शिवायच्या. एका ईदच्या आधी कामाचा ढीग पडला, तेव्हा हुक लावायला त्यांनी मला बोलावलं. हुक झाले, काजं झाली, मग एक दिवस कात्रीच हातात दिली. मी सांगून टाकलं, मला मापं जमत नाहीत, मी भूमितीत नापास आहे. आपा पान चघळत म्हणाल्या, "आंकडे छोड गे. पहले बाई कू देख."

मग मी बायका बघायला लागले. गिरणीत, बसथांब्यावर, लग्नात अक्षता टाकताना. कुणाची पाठ रुंद, कुणाची मान पुढं. सरळ रेघेत एकही नव्हती. देवाची भूमितीही कच्चीच निघाली. माझे पहिले तीन ब्लाउज बिघडले. तिन्ही माझेच होते, तेच घालून फिरले.

पुढं वैजापूरची एक मास्तरीण आली. तिचा एक खांदा जन्मापासून खाली. सगळ्या शिंप्यांनी दोन्ही बाजू सारख्याच कापलेल्या, म्हणून ती कायम पदर लपेटून. "कसंही शिवा, मला कुठलंच बसत नाय," म्हणाली. आपांचे डोळे आले होते, त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापल्या. कापड जमिनीवर पसरलं तेव्हा पार ध्यान दिसत होतं. तिच्या अंगावर मात्र ते चपखल बसलं. आरशासमोर तिनं पदर सोडला. वळून पाठही बघितली. मग आणखी चार शिवायला सांगितले.

महिन्याभरात सासूबाई कापड घेऊन माझ्यापुढं बसल्या. "माझं बी एक पोलकं शिव. पोक दिसू देऊ नको."

पोक आहे हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं.